कावा प्यावा, पण किती?

या महिन्याच्या टपालात कावा नावाच्या पेयाविषयी तीन पत्रे आली आणि तिन्ही खानदेशातील आहेत. परदेशी स्थायिक झालेली मुले सुटीला घरी येतात, तेव्हा त्यांच्या बॅगेतून चॉकलेटांबरोबर आता ही भुकटीही उतरू लागलेली दिसते. प्रारंभीच एक खुलासा करतो. हा कावा म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांवर एका वनस्पतीच्या मुळाच्या भुकटीपासून करतात ते पेय, केशर-वेलची घातलेला काश्मिरी कहवा नव्हे. त्या दोहोंत नावापलीकडे काहीही समान नाही. (गनिमी काव्याशीही त्याचा संबंध नाही, तरी हे मूळ माणसाला कसे गाठते ते पाहिले की ते नाव अगदीच गैरलागू वाटत नाही.) पत्रे थोडी संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : माझे वय 66 असून मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो आहे. मुलगा ऑकलंडला असतो. त्याच्या शेजारी फिजीहून आलेले एक हिंदी बोलणारे कुटुंब राहते. दिवाळीत तो घरी आला तो त्यांनी दिलेली अर्धा किलो कावाची भुकटी घेऊनच. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी ती काढ्यासारखी उकळली, तर पातेल्यात आंबिलीसारखा घट्ट लगदा तयार झाला. दुसऱ्या दिवशी मुलाने ती फडक्यात बांधून पाण्यात कालवली आणि सर्वांना वाटी-वाटी दिली. माझा चुलतभाऊ एका दमात प्यायला आणि म्हणाला, “जीभ जपी गयी रे भो!” मला मात्र विशेष काही जाणवले नाही. हे पेय नशेचे आहे काय, ते शरीरात नेमके काय करते आणि रोज घ्यायचे झाल्यास किती घ्यावे? मी गेली तीन वर्षे झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेतो. कळावे. — एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण सर्वांत शेवटी लिहिले आहे, म्हणून उत्तर तेथूनच सुरू करतो. अल्प्राझोलाम घेणाऱ्या माणसाने कावा घेऊ नये. मेंदूतील गाबा नावाच्या रसायनाचा शांतवणारा परिणाम ही गोळी वाढवते आणि कावाही बऱ्याच अंशी तेच करतो. शिवाय यकृतातील जी विकरे अनेक औषधांचे विघटन करतात, त्यांपैकी काहींना कावा अडथळा आणतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. अल्प्राझोलामसह इतर काही औषधे घेणारा एक रुग्ण कावा घेऊ लागल्यानंतर ग्लानीच्या अवस्थेत रुग्णालयात दाखल झाल्याची नोंद 1996 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली आहे. त्या दिवशी आपल्याला काही जाणवले नाही हे सुदैव समजावे, त्याला दाखला मानू नये. त्याचबरोबर, कावा घेता यावा म्हणून तीन वर्षांची गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करणे हे त्याहून अधिक धोक्याचे आहे. ती कमी करायची असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने कमी करावी.

आता आपल्या उरलेल्या प्रश्नांकडे वळतो. कावा ही मिरवेलीच्या कुळातील वनस्पती आहे. आपली काळी मिरी, पिंपळी आणि विड्याचे पान ही सर्व याच कुळातली. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ‘मादक मिरी’ असा होतो आणि ते नाव कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत सहभागी असलेल्या गेओर्ग फोर्स्टर या निसर्गतज्ज्ञाने दिले. तिचे मूळ घर प्रशांत महासागरातील वानुआतू हा द्वीपसमूह मानला जातो. तेथून ती फिजी, टोंगा, सामोआ आणि हवाईपर्यंत माणसांच्या होडीतून गेली. होडीतून म्हणण्याचे कारण असे की लागवडीच्या कावाला रुजणारे बी धरत नाही, तो फक्त कांडी लावून वाढतो. पेयासाठी मूळ आणि बुंध्याचा तळ एवढेच वापरतात. पाने, वरचे खोड आणि सोललेली साल टाकून देतात, आणि ही टाकून देण्याची रीत किती शहाणपणाची होती ते पुढे येईलच.

मुळात कावालॅक्टोन नावाच्या संयुगांचा एक गट असतो आणि त्यांपैकी सहा प्रमुख मानली जातात. आपल्या चुलतभावांची जीभ ज्यांनी झोपवली ती हीच. अक्कलकाढ्याचा तुकडा दाढेखाली धरला असता जशा मुंग्या येतात आणि मग ओठ आपलेच नाहीत असे वाटू लागते, तसाच हा अनुभव असतो आणि थोड्या वेळात तो ओसरतो. त्यानंतर सुमारे अर्ध्या तासात स्नायू सैल पडू लागतात, मनातील काळजीची धार बोथट होते, बोलणे हळू आणि मवाळ होते आणि दोन-तीन तासांनी झोप येऊ लागते. माफक प्रमाणात घेतल्यास विचारशक्ती बरीचशी जागी राहते, आणि दारूशी त्याचा मुख्य फरक हाच आहे. दारू प्यालेला माणूस आवाज चढवतो. कावा प्यालेल्याला उलट दुसऱ्याचा चढलेला आवाज आणि डोळ्यांवरचा उजेड नकोसा होतो. वानुआतूमध्ये ज्या ठिकाणी लोक संध्याकाळी कावा पितात त्या नाकामालमध्ये दिवे मंद ठेवतात आणि बोलणे कुजबुजीच्या पट्टीत चालते, ते यासाठीच. तेव्हा नशा म्हणजे मनःस्थितीत बदल असा अर्थ घेतला, तर कावा नशेचा आहे. नशा म्हणजे झिंगणे आणि बरळणे असा अर्थ घेतला, तर माफक कावा त्यात बसत नाही. परंतु प्रमाण वाढले की पाय लटपटतात, मळमळते, डोळे जड होतात, आणि अशा स्थितीत मोटरसायकलला किक मारणे हे दारू पिऊन ती मारण्याइतकेच गैर आहे.

आपल्या पातेल्यातील आंबिलीचे कारणही साधे आहे. वाळलेल्या मुळाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग पिष्टमय असतो. ते उकळले की पिठाची पेज होणारच. कावा उकळायचा नसतो, तो मळायचा असतो. कावालॅक्टोन पाण्यात नीट विरघळत नाहीत. फडक्यातील पुरचुंडी पाण्यात दाबून-पिळून मळली की ती सूक्ष्म कणांच्या रूपाने पाण्यात उतरतात, म्हणूनच ते पाणी गढूळ दिसते.

काही वर्षांपूर्वी फिजीतील सुवा येथे एका फिजी-भारतीय यजमानांकडे मी हे पेय घेतले होते. त्यांचे पूर्वज गिरमिटिया मजूर म्हणून तेथे गेले होते. ‘लिओनिडास’ हे गिरमिटियांचे पहिले जहाज 1879 मध्ये कोलकात्याहून फिजीला पोचले आणि 1916 पर्यंत अशा जहाजांतून साठ हजारांहून अधिक माणसे तेथे उतरली. फिजीचे मूळ रहिवासी ज्याला यंगोना म्हणतात, त्याला हे लोक ग्रॉग म्हणतात. चटईवर आम्ही सात जण बसलो होतो. मध्ये तानोआ हे पाय असलेले लाकडी पात्र होते आणि त्यातील पाणी जुलै महिन्यातील तापीच्या पाण्यासारखे होते. नारळाच्या करवंटीचा पेला माझ्यापुढे आला. शेजाऱ्याने शिकवल्याप्रमाणे मी एकदा टाळी वाजवली, ‘बुला’ म्हटले, पेला एका दमात रिकामा केला आणि सर्वांनी तीन टाळ्या वाजवल्या. चव विचाराल तर पहिल्या पावसाने भिजलेली माती, मिरी आणि थोडा कडवटपणा यांची. यजमानीणबाईंनी लगेच गोड फळाची फोड पुढे केली. परंतु माझ्या मनात राहिली ती चव नव्हे, तर दोन पेल्यांमधला वेळ. पेला फिरून माझ्याकडे येईपर्यंत वीस मिनिटे सहज जात आणि मधल्या काळात कोणी घाई करीत नसे.

प्रमाणाविषयी आपण विचारले आहे त्याचे अर्धे उत्तर या वीस मिनिटांत आहे, असे मला वाटते. तेथे प्रमाण ग्रॅममध्ये मोजलेले नसते, ते रिवाजाने बांधलेले असते. बैठक संध्याकाळची, पोट बहुधा रिकामे, पेय फक्त पाण्यातले, सोबत दारू नाही आणि वाटणारा माणूस वेगळा. ही भुकटी आपल्या ओट्यावरील बरणीत आली की यातले काहीच तिच्याबरोबर येत नाही. मग ग्रॅम मोजावेच लागतात. वाळलेल्या मुळात कावालॅक्टोनांचे प्रमाण वाणानुसार आणि झाडाच्या वयानुसार 3 ते 20 टक्के इतके बदलते. ते 8 टक्के धरले तर 10 ग्रॅम भुकटीत 800 मिलिग्रॅम कावालॅक्टोन झाली आणि त्यांतील काही भागच पाण्यात उतरतो. ऑस्ट्रेलियात औषधी गोळ्यांच्या रूपातील कावासाठी दिवसाला 250 मिलिग्रॅम कावालॅक्टोन ही कमाल मर्यादा आहे. आपल्या चुलतभावांना कोणतेही औषध चालू नसेल आणि यकृत निरोगी असेल, तर 10 ग्रॅम भुकटी अर्धा लिटर पाण्यात मळून, ती दोघांनी मिळून तास-दीड तासात प्यावी आणि आठवड्यातून एक-दोन संध्याकाळींपुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. पहिल्या एक-दोन वेळी काहीच जाणवले नाही असे पुष्कळ जण सांगतात. अशा वेळी त्याच बैठकीत वाटीवर वाटी चढवणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक असते. आणि आपल्याकडे संध्याकाळी शेवभाजी-भाकरीवर ताव मारून झाल्यावर कोणी कावा घेत असेल, तर त्याला ना परिणाम नीट मिळेल ना पोटाला स्वस्थता.

‘रोज’ हा शब्द मात्र मला खटकतो. दीर्घकाळ, रोज आणि भरपूर पिणाऱ्यांची त्वचा कोरडी पडते आणि माशाच्या खवल्यांसारखी सुटू लागते. फिजीत त्याला कानीकानी म्हणतात. पिणे थांबवले की काही आठवड्यांत त्वचा पूर्ववत होते, हा दिलासा आहे. यकृताचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. कावाच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आल्यामुळे जर्मनीने 2002 मध्ये त्या औषधांचे परवाने रद्द केले. 2014 मध्ये तेथील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि वाद पुढेही चालू राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात अशा 93 नोंदी तपासण्यात आल्या आणि त्यांपैकी 8 प्रकरणांत कावाचा निकटचा संबंध आढळला. उरलेल्यांपैकी अनेकांत इतर औषधे किंवा मद्य यांची सरमिसळ होती, तर काहींची माहिती अपुरी होती. अर्क काढताना वापरलेली अल्कोहोल वा ॲसिटोनसारखी द्रावके, स्वस्त माल म्हणून मिसळलेली साल आणि खोडे, दोन दिवस डोके जड ठेवणारे ‘तूदेई’ वाण, दमटपणाने भुकटीला लागलेली बुरशी, असे अनेक संशयित पुढे आले. खोडाच्या सालीत आणि पानांत एक अल्कलॉइड असते आणि प्रयोगशाळेत ते यकृताच्या पेशींना घातक ठरले आहे. साल टाकून देण्याची जुनी रीत येथे आठवावी. वानुआतूने 2002 च्या कायद्याने निर्यातीसाठी ‘नोबल’ म्हणून ओळखले जाणारे वाणच बंधनकारक केले. धोका दुर्मीळ आहे हे खरे, पण तो घडला तर किरकोळ नसतो. म्हणून डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, भूक मरणे, अंगाला कारण नसता खाज सुटणे यांपैकी काहीही दिसल्यास कावा त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी.

मुलाने आणलेले पाकीट ऑकलंडच्या दुकानातील असेल, तर त्यावर ‘प्रमाणात घ्या’ आणि ‘झोप येऊ शकते’ अशा अर्थाच्या दोन सूचना छापलेल्या सापडतील, कारण ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या अन्नमानकांत त्या सक्तीच्या आहेत. शेजाऱ्यांनी नुसत्या पिशवीत भरून दिले असेल, तर त्यात मूळ किती आणि साल किती हे निदान त्यांना फोन करून विचारावे. आपल्या झोपेविषयी एवढेच म्हणतो की दुपारच्या जेवणानंतर आपण किती वेळ पडता आणि संध्याकाळचा चहा किती वाजता होतो, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. कावाच्या आधी ते पाहू.

प्रश्न : माझे पती दारू घेतात, अलीकडे जवळजवळ रोजच. मोबाइलवर एका जाहिरातीत वाचले की कावाच्या कॅप्सूल दिल्या की दारूची ओढ आपोआप कमी होते आणि चिंताही जाते. त्यांच्या नकळत दुधातून दिल्या तर चालेल का? — एक गृहिणी, धुळे

उत्तर : ताई, आपली तळमळ मी समजतो, पण कृपा करून असे करू नका. ज्याच्या यकृतावर दारूचा भार आधीच आहे, त्याला कावा देणे हे दुखऱ्या पाठीवर आणखी एक पोते लादण्यासारखे आहे. शिवाय दोन्ही गोष्टी मिळून गुंगी वाढवतात, आणि कशामुळे असे होत आहे हे त्यांना माहीतच नसेल तर ते गाडी चालवतील, जिना चढतील. कोणालाही नकळत औषध देऊ नये, हे तर आहेच.

कावाने दारू सोडवण्याची कल्पना नवी नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँड या भागात 1980 च्या दशकाच्या प्रारंभी आदिवासी वस्त्यांमध्ये कावा आला, तो दारूपेक्षा बरा पर्याय म्हणूनच. परंतु प्रशांत बेटांवरील बैठकीचा रिवाज तेथे नव्हता. काही ठिकाणी पिण्याचे प्रमाण बेटांवरच्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे गेले, वजन घटलेली आणि त्वचा सोललेली माणसे दिसू लागली, घरचा पैसा भुकटीत जाऊ लागला आणि शेवटी सरकारला निर्बंध आणावे लागले. मारामाऱ्या कमी झाल्या असे म्हणणारेही तेथे होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

चिंतेविषयी म्हणाल, तर जुन्या छोट्या अभ्यासांत कावाचा थोडा लाभ दिसला होता. पण ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंताविकाराच्या 171 रुग्णांना 16 आठवडे कावा किंवा तसाच दिसणारा निरुपद्रवी डोस देण्यात आला, तेव्हा कावा सरस ठरला नाही, उलट यकृताच्या तपासण्यांत बिघाड कावा घेणाऱ्यांत अधिक वेळा आढळला. जाहिरातीत हे लिहिलेले नसते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली तर कंप, भ्रम, झटके असे प्रकार होऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात त्यांना घेऊन जा. ते येत नसतील तर प्रथम आपण एकट्याच जाऊन बोला, तेथे नातेवाइकांनाही सल्ला मिळतो.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. कावाला परदेशात चांगला भाव असल्याचे ऐकतो. केळीप्रमाणे तोही बियांशिवाय वाढतो, तर केळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून घेता येईल का? पुतण्या फिजीहून कांड्या आणू शकतो. — एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, बियांशिवाय वाढण्याचे साम्य आपण अचूक हेरलेत, पण साम्य तेथेच संपत नाही आणि अडचण नेमकी पुढच्या साम्यात आहे. आपल्या भागात केळीवर जो हरण्या रोग येतो, तो काकडीवरील मोझॅक विषाणूमुळे येतो आणि मावा ही कीड तो पसरवते. त्यासाठी केळीत काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो घेऊ नका असे आपल्याला सांगतात. हाच विषाणू प्रशांत बेटांवर कावाचे झाड शेंड्यापासून काळे पाडून बसवतो आणि तेथील शेतकऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान त्यानेच होते. म्हणजे केळीच्या बागेत कावा लावणे हे हरण्याला दोन ताटे वाढून ठेवण्यासारखे झाले.

हवामानही जुळणारे नाही. कावाला वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस, बारमाही दमट हवा आणि कोवळ्या वयात सावली लागते. मुळे काढण्याजोगी व्हायला तीन ते पाच वर्षे जातात. आपल्याकडे पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास आणि मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. ठिबकने पाणी देता येईल, पण हवेतला कोरडेपणा ठिबकने जात नाही. राहिली गोष्ट कांड्यांची. लावणीयोग्य वनस्पती बाहेरून आणण्यावर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम लागू आहेत. आयातीचा परवाना आणि त्या देशाचा वनस्पती आरोग्य दाखला नसताना ओल्या कांड्या बॅगेत सापडल्या तर त्या विमानतळावरच जप्त होतील. पुतण्याला तसे आजच कळवावे.